विटलेल्या रंगांची कथा

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतील सातवीच्या वर्गात, पूर्वेकडील खिडकीसमोरच्या भिंतीवर, भारताचा एक मोठा छापील नकाशा टांगलेला होता. तो नवा होता तेव्हा त्यातील तांबडी, गुलाबी, पिवळी आणि हिरवी राज्ये कशी खुलून दिसत! चार-पाच वर्षे लोटली. एके दिवशी वर्गात शिरताच माझ्या ध्यानात आले की, नकाशातील तांबडा व गुलाबी रंग जवळजवळ नाहीसे झाले आहेत आणि हिरवी राज्ये निळसर पडली आहेत. समुद्राची निळाई मात्र जशीच्या तशी होती. कोणी तरी खोडकर मुलाने ओल्या फडक्याने नकाशा पुसला असावा, असे मला वाटले. मी वर्गाला चार कठोर शब्द सुनावले. मुले माना खाली घालून उभी राहिली. एकही बोलला नाही.

मधल्या सुटीत आमचे विज्ञानाचे शिक्षक तो नकाशा पाहण्यास गेले. नकाशाच्या खालच्या भागावर वेळापत्रकाचा एक पुठ्ठा लटकत असे व दक्षिणेकडील थोडा प्रदेश त्याने झाकला जाई. त्यांनी तो पुठ्ठा हलकेच बाजूला सारला. त्याखालचा तांबडा रंग काल छापल्यासारखा ताजा होता. ते मला म्हणाले, “सर, आपला गुन्हेगार रोज सकाळी खिडकीतून येतो.” दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे उभा राहून मुलांची क्षमा मागितली.

जी गोष्ट आमच्या नकाशाची झाली, तीच एका थोर चित्रकाराच्या पाच भव्य चित्रांची झाली. तेथेही दोष उन्हाचा होता, आणि तेथेही उन्हापासून लांब राहिलेल्या एका तुकड्यानेच खरी साक्ष दिली. मात्र पुढे त्या चित्रांच्या बाबतीत जे घडले, ते आमच्या नकाशाच्या नशिबी नव्हते. त्याची हकिकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्या चित्रकाराचे नाव मार्क रॉथ्को. १९०३ साली, त्या काळी रशियन साम्राज्यात व आज लाटव्हिया देशात असलेल्या एका गावी, एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. दहा वर्षांचा असताना तो अमेरिकेस आला. प्रथम तो माणसे, रस्ते, भुयारी रेल्वेची स्थानके अशी चित्रे काढीत असे. पुढे मात्र त्याच्या चित्रांतून वस्तू एकेक करून निघून गेल्या आणि उरले केवळ रंग. मोठ्या कॅनव्हासवर रंगांचे दोन-तीन विस्तीर्ण पट्टे, त्यांच्या कडा धुक्यासारख्या पुसट, एक रंग दुसऱ्याखालून डोकावणारा, असे त्याच्या प्रौढ वयातील चित्रांचे स्वरूप आहे. यांनाच अमूर्त चित्रे म्हणतात.

अमूर्त चित्र प्रथमच पाहणारा मनुष्य बहुधा विचारतो, “हे आहे तरी काय?” या प्रश्नात अडाणीपणा मुळीच नाही. परंतु सनईचे सूर ऐकताना आपण “हे कशाचे आहेत?” असे विचारीत नाही. सूर आपल्याला आनंदित करतात वा व्याकूळ करतात, आणि तेवढे आपल्याला पुरते. रंगानेही असेच, कोणत्याही वस्तूचा आधार न घेता, थेट मनाशी बोलावे, असे अमूर्त चित्रकाराला वाटते. सर्वच अमूर्त चित्रे यात यशस्वी होतात असे मी म्हणणार नाही. पण यावरून एक गोष्ट उघड होते. एखाद्या चित्रातील राणीच्या शालूचा रंग उडाला, तरी राणी ओळखू येते. रॉथ्कोच्या चित्रातील रंग उडाला, तर मागे काय उरणार?

अमेरिकेतील बोस्टन शहराजवळच्या केंब्रिज येथे हार्वर्ड विद्यापीठ आहे. तेथील होलिओक सेंटर या नव्या इमारतीत, दहाव्या मजल्यावर, एक भोजनगृह बांधण्यात आले होते. त्याच्या भिंतींसाठी रॉथ्कोने १९६२ साली सहा चित्रे तयार केली आणि १९६४ च्या जानेवारीत त्यांपैकी पाच तेथे लावण्यात आली. तीन एका भिंतीवर, दोन समोरच्या भिंतीवर. प्रत्येकाची उंची सुमारे पावणेनऊ फूट. गडद किरमिजी व जांभळट पार्श्वभूमीवर दाराच्या चौकटीसारखे किंवा खांबांसारखे आकार, असे त्यांचे रूप होते. भिंतींना हिरवट रंग असावा, हीही चित्रकाराचीच इच्छा. ती का, याचे उत्तर थोड्या वेळाने येईल. सहावे चित्र लावले गेले नाही. ते त्याच्याकडे परत गेले. या सहाव्या चित्राची आठवण ठेवा.

भोजनगृहाला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या होत्या. खिडक्यांना पडदेही होते. पण दहाव्या मजल्यावरून दिसणारी शोभा टाकून पडदे ओढून कोण जेवणार? पडदे उघडे राहात, ऊन आत येई, आणि काही वर्षांतच किरमिजी रंग फिकटू लागला. सगळीकडे सारखा फिकटला असता तर निदान चित्राचा मेळ राहिला असता. परंतु ज्या भागावर ऊन अधिक पडले, तो भाग अधिक विटला. काही ठिकाणी तर किरमिजी जाऊन फिकी निळी छटा उरली. त्यातच भोजनाच्या खोलीत व्हायचे ते सर्व झाले: खुर्च्यांचे धक्के, ओरखडे, अन्नाचे शिंतोडे. अखेर १९७९ साली ती चित्रे उतरवून अंधाऱ्या कोठीत ठेवण्यात आली. रॉथ्को १९७० मध्येच निवर्तला होता.

आता असा प्रश्न येतो की, किरमिजी रंग गेला आणि निळा का राहिला? त्यासाठी रंगद्रव्य म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा बनलेला असतो, हे न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकाच्या साहाय्याने दाखविले, हे तुम्ही शिकला आहात. लाल वस्तूवर पांढरा प्रकाश पडला की, ती वस्तू त्यातील हिरवे-निळे किरण गिळून टाकते व लाल किरण परत पाठविते. ते आपल्या डोळ्यांत शिरतात. म्हणजे वस्तूचा रंग हा तिने न स्वीकारलेल्या प्रकाशाचा रंग होय. किरण गिळण्याचे हे काम रंगद्रव्याचे रेणू करतात. परंतु गिळलेल्या किरणातील ऊर्जा कोठे जाणार? बहुतेक वेळा ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. क्वचित मात्र ती रेणूलाच तोडते. तुटलेल्या रेणूला पूर्वीचे किरण गिळता येत नाहीत. असे असंख्य रेणू तुटले की रंग विटतो. जांभळ्या व त्यापलीकडील अतिनील किरणांत ऊर्जा अधिक असते, म्हणून ते या कामी विशेष घातक ठरतात.

रॉथ्कोच्या चित्रांची पुढे तपासणी झाली, तेव्हा त्याच्या किरमिजी रंगात ‘लिथॉल रेड’ नावाचे कृत्रिम रंगद्रव्य सापडले. जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी १८९९ साली ते शोधून काढले होते. ते झगझगीत असते, स्वस्त असते, आणि त्याचा मुख्य उपयोग छपाईच्या शाईत होई. ज्याचे आयुष्य चार दिवसांचे, अशा छापील कागदाला ते ठीक. पण उन्हात ते टिकत नाही. त्याच्या रेणूच्या मध्यभागी नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते. कार्बनच्या दोन मोठ्या समूहांना जोडणारा तो जणू पूल आहे, आणि लाल रंगाचा सारा डौल त्या पुलावर अवलंबून आहे. पूल तुटला की दोन्ही काठ राहतात, पण रंग राहात नाही.

या लालात रॉथ्कोने अल्ट्रामरिन हा निळा रंग मिसळला होता. हे द्रव्य अगदी निराळ्या जातीचे. पूर्वी घरोघरी पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी निळीची पुडी आणीत. तिच्यात बहुधा हेच द्रव्य असे. ते खनिजासारखे घट्ट रचनेचे असल्यामुळे उन्हाला सहसा दाद देत नाही. दोन मित्र बरोबर उन्हात उभे राहिले. एक कोसळला, दुसरा उभाच राहिला. किरमिजीच्या जागी निळी छटा उरली ती अशी. आमच्या नकाशाचेही हेच. छापखान्यात जी गुलाबी शाई वापरतात, तिच्यातील नेहमीचे रंगद्रव्य लिथॉल रेडच्याच गोत्रातले आहे. निळी शाई तिच्यापेक्षा कितीतरी चिवट. रस्त्यावरील जुने जाहिरातफलक निळे पडलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांचे कारण आता तुम्हाला सांगता येईल.

हा अपघात रॉथ्कोच्याच वाट्याला आला असे नाही. विन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८८८ साली आपल्या शयनगृहाचे चित्र काढले. भिंती फिक्या जांभळ्या आहेत, असे त्याने भावाला पत्राने कळविले होते. आज त्या भिंती निळ्या दिसतात. त्यांतील लाल उडाला आहे. पण तेथे पलंग, खुर्च्या, खिडकी हे सर्व जागच्या जागी आहे. रॉथ्कोच्या चित्राला असा आधार नव्हता.

मग विटलेल्या भागावर नवा रंग का देऊ नये? देवळाच्या दाराला आपण दर दिवाळीला रंग देतोच! परंतु चित्राची गोष्ट वेगळी आहे. रॉथ्को रंगाचे अत्यंत पातळ थर एकावर एक देत असे व वर वार्निश लावीत नसे. वार्निश असते, तर त्यावर केलेली दुरुस्ती पुढे पुसून काढता आली असती. उघड्या, सच्छिद्र पृष्ठावर नवा रंग दिला, तर तो मूळ रंगात मुरून जाईल आणि पुन्हा कधीही वेगळा काढता येणार नाही. शिवाय येथे एखादा डाग झाकायचा नव्हता. भिंतीएवढे चित्र झाकायचे होते. मग ते चित्र रॉथ्कोचे म्हणायचे की दुरुस्ती करणाऱ्याचे? म्हणून कोणी हात लावला नाही. चित्रे जवळजवळ पस्तीस वर्षे बहुतांशी अंधारातच राहिली.

या कोंडीतून वाट सापडली ती रंगपेटीत नव्हे, तर डोळ्याच्या रचनेत. आपल्या डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्यात रंग ओळखणाऱ्या सुमारे साठ लाख शंकुपेशी असतात, आणि त्यांचे प्रकार मात्र तीनच: एक लाल बाजूच्या किरणांना, दुसरा हिरव्या व तिसरा निळ्या किरणांना अधिक प्रतिसाद देणारा. या तिघांकडून येणाऱ्या निरोपांची तुलना करून मेंदू रंग ठरवितो. डोळ्यात असे तीन ग्राहक असावेत, ही कल्पना थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्येच मांडली होती. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. समोरून आलेला प्रकाश लाल वस्तूवरून परतलेला आहे, की पांढऱ्या वस्तूवर लाल दिवा पडल्यामुळे आलेला आहे, हे शंकुपेशींना कळत नाही. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावून अंधाऱ्या खोलीत तिचा झोत पांढऱ्या भिंतीवर टाकून पाहा.

रंग केवळ वस्तूत नसतो, याचा आणखी एक पुरावा सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका तक्रारीत आहे. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा चित्रमय गालिच्यांचा प्रसिद्ध कारखाना होता. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून तेथील रंगविभागाचे प्रमुख होते. काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही, अशी विणकरांची तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली. रंग उत्तम होता. दोष होता शेजाऱ्यांचा! निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी ठेवलेला काळा धागा निस्तेज दिसे. शेव्हरल यांनी यावर पुढे अनेक वर्षे प्रयोग केले आणि १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्यापासून दूर, विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हा त्याचा सारांश. करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक पिवळ्या कागदावर ठेवा, एक निळ्यावर. ते दोन्ही एकाच कागदाचे आहेत, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. रसायनशाळेतील हे ज्ञान चित्रकारांनी उत्सुकतेने उचलले. रॉबेर दलोने या फ्रेंच चित्रकाराने १९१२ च्या सुमारास केवळ रंगांच्या अशा शेजारावर उभी असलेली, जवळजवळ वस्तुहीन चित्रे काढली. आणि रॉथ्कोला हिरवट भिंती का हव्या होत्या, हेही आता ध्यानात येईल. हिरव्याच्या शेजारी किरमिजी अधिकच पेटतो.

चित्रावर रंग चढविता येत नाही, तर प्रकाशच बदलावा, असे हार्वर्डच्या संग्रहालयातील तज्ज्ञांच्या मनात आले. जेथे लाल उणे पडला आहे, तेथे लाल प्रकाश अधिक टाकावा. जेथे रंग शाबूत आहे, तेथे साधाच प्रकाश ठेवावा. सांगावयास सोपे, करावयास महाकठीण! या कामात येन्स स्टेंगर, नारायण खांडेकर इत्यादी संग्रहालयातील शास्त्रज्ञ होते. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संगणकतज्ज्ञ होते, आणि त्यांत रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले प्राध्यापकही होते.

पहिली अडचण अशी की, चित्रे नवी असताना नेमकी कशी दिसत होती, हे सांगणार कोण? माणसाची रंगाची आठवण फार कच्ची असते. १९६४ साली त्या चित्रांची रंगीत छायाचित्रे घेतलेली होती. पण नशिबाचा खेळ असा की, त्या फिल्मवरचे रंगही इतक्या वर्षांत विटले होते! साक्षीदारालाच विस्मरण झाले. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाचे रुडॉल्फ ग्श्विंड हे फिल्मचे रंग कसे विटतात, याचे जाणकार होते. त्यांनी गणिताच्या साहाय्याने त्या छायाचित्रांचे मूळ रंग पुन्हा मांडले. पण हे उत्तर बरोबर आहे, हे पडताळणार कशावर? येथे ते सहावे चित्र उपयोगी पडले. ते रॉथ्कोच्या वारसांकडे होते आणि भोजनगृहातील उन्हाची झळ त्याला लागलीच नव्हती. आमच्या वेळापत्रकाच्या पुठ्ठ्याखालचा तांबडा तुकडाच जणू.

मग प्रत्येक चित्रासमोर एक कॅमेरा ठेवून त्याची आजची स्थिती टिपली. संगणकाने आजची स्थिती व मूळ रंग यांची ठिपक्याठिपक्याने तुलना केली आणि प्रत्येक ठिपक्यावर कोणता प्रकाश किती टाकावयाचा, हे ठरविले. एका चित्रासाठी असे वीस लाखांहून अधिक ठिपके. हे प्रकाशाचे चित्र प्रक्षेपकातून मूळ चित्रावर तंतोतंत बसवावे लागे. प्रकाशाच्या वाटेत कोणी हात धरला असता, तर हाताची सावली जेथे पडली तेथे, त्या सावलीपुरता, आजचा विटलेला रंग उघडा पडला असता. कॅनव्हासला कोणी बोटसुद्धा लावलेले नव्हते.

२०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात हार्वर्डची कलासंग्रहालये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडली, तेव्हा ही चित्रे लोकांपुढे आली. भोजनगृहातल्यासारखीच त्यांची मांडणी केली होती, भिंतींनाही पूर्वीसारखाच हिरवट रंग दिला होता. ज्या प्रकाशाने चित्रांचा रंग खाल्ला होता, त्याच प्रकाशाने तो आता परत आणून दिला होता. अर्थात प्रक्षेपकाचा प्रकाश हाही प्रकाशच. तो फार तीव्र ठेवून चालत नाही आणि फार काळ ठेवूनही चालत नाही. ते प्रदर्शन २०१५ च्या जुलैपर्यंत चालले.

ते पाहून जाणकारांत मोठा वाद झाला. काहींचे म्हणणे असे की, रॉथ्कोचे चित्र म्हणजे त्याने लावलेला रंग, आणि तो तर गेला. प्रक्षेपकाने दाखविला तो मुखवटा. दुसरे म्हणत, चित्र म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जे उमटते ते, आणि ते तर परत आले. मला स्वतःला पहिल्या पक्षाची तळमळ कळते. कुंचल्याने ज्या पृष्ठावर स्पर्श केला, त्याचे म्हातारपण ही त्याचीच गोष्ट आहे, ती झाकू नये, असे मलाही कधी कधी वाटते. पण रंगच ज्या चित्राची भाषा, ते मुके झाले असताना त्याला घटकाभर बोलते करणे, हे खोटे आहे असे म्हणावयास माझे मन धजत नाही. शिवाय या उपायाचा एक मोठा गुण असा की, तो चित्रावर मागे काहीच ठेवीत नाही. उद्या कोणाला याहून चांगली युक्ती सुचली, तर चित्र तिच्यासाठी तसेच उभे आहे.

संग्रहालयाने हा वाद लपविला नाही. उलट तो रोज प्रेक्षकांपुढेच मांडला. दररोज दुपारी चार वाजता प्रक्षेपक बंद करण्यात येत. त्या वेळी मुद्दाम लोक येऊन थांबत. एकेका चित्रावरचा प्रकाश जाई. गडद किरमिजी भिंतीवरून ओसरे आणि तेथे फिकट, डागाळलेला, निळसर कॅनव्हास उभा राही. मग दुसरा, मग तिसरा.